पाव्हणे अध्यक्ष

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. शिरूरची माणसं त्याला दौंडकडचं म्हणतात, दौंडची माणसं शिरूरकडचं म्हणतात, आणि दोघांनाही ते आपल्याकडं नको असतं, एवढी खूण पुरे. तर या गावाला नगरपालिका होती. ती कुणी आणि का दिली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण होती, आणि मी तिचा हेडक्लार्क होतो. माझ्या हाताखाली एकच शिपाई, तोही कानानं अधू, त्यामुळं मला हेडक्लार्कपणा फार मोठ्यानं गाजवावा लागे. माझ्या वर होते अध्यक्ष. त्यांना सगळं गाव 'पाव्हणं' म्हणायचं.

पाव्हणे गावात आले ते माझ्या जन्माच्या सुमारास. दौंड जंक्शनवरच्या एका खानावळीत ते कपबशा धुवायचे. तिथं कुणाशी तरी वाजलं आणि ते समोर दिसेल त्या मोटारीत चढले. ती मोटार आमच्या गावात बंद पडली. मग त्यांनी मोटारस्टँडसमोरच गोटीच्या सोड्याचं दुकान टाकलं. मूळचे ते मलबारातले. पहिल्याच दिवशी पारावर कुणीतरी विचारलं, "पाव्हनं, गाव कंचं?" त्यांनी सांगितलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"म्हंजी सोलापूरच्या पल्याड का?"

"पल्याड," पाव्हणे म्हणाले.

तोच त्यांचा कायमचा पत्ता झाला. पुढं केरळ राज्य झालं तेव्हा मी त्यांना पेपर दाखवला. तो त्यांनी चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाले, "सोलापूरच्या पल्याड आता बरीच सुधारणा होत आहे."

आमच्याकडं 'पाव्हणं' ही अनोळखी माणसाला मारायची साधी हाक. एसटीत शेजारी बसलेल्यालाही मारतात. चार दिवसांनी ती गळून पडते आणि माणूस कुणाचा आबा, कुणाचा आप्पा, कुणाचा मामा होतो. मीही तसा उपराच, कवठे येमाईचा. पण माझी मावशी गावातल्या खालच्या आळीत दिलेली, त्यामुळं नोकरीवर हजर व्हायला एसटीतून उतरलो तो गावाचा भाचा होऊनच उतरलो. ज्यांच्या तोंडात दात नव्हते असे म्हातारेही मला "काय भाचं" म्हणायचे आणि लगेच एखादं काम सांगायचे. पाव्हण्यांना गावात मावशी नव्हती, आणि लग्न त्यांनी केलं नव्हतं. तीस वर्षं झाली तरी ते पाव्हणेच राहिले.

पाव्हणा म्हटला की मान आला. गावात लग्न निघालं की पहिली पत्रिका पाव्हण्यांच्या दुकानात. या पत्रिका ते एका तारेत ओवून खिळ्याला टांगून ठेवायचे आणि गिऱ्हाईक नसलं की काढून वाचायचे. मराठी ते याच शाळेत शिकले. त्यामुळं त्यांचं बोलणं ऐकलं की माणसाला उगाच अक्षता शोधाव्याशा वाटत. मला म्हणायचे, "भाचेसाहेब, आज दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी सभा करण्याचे योजिले आहे. तरी आपण फायलींसह उपस्थित राहून कार्यास शोभा आणावी." शिपायानं रजा मागितली की, "आपले येणे अगत्याचे आहे," म्हणून नाकारायचे. तो बहिरा असल्यामुळं आनंदानं रजेवर जायचा.

आता त्यांचं एक दुखणं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गावात पिराचा उरूस भरतो. त्या दिवशी साऱ्या गावाचं जेवण, मटणाचा रस्सा आणि भात. रस्सा करायचा चाँदभाईनं. चाँदभाईचं घराणं गावात इतकं जुनं की वेस आधी की त्याची चूल आधी यावर वाद व्हायचा. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण पक्का होता. पाव्हण्यांनी बसायचं, गावकऱ्यांनी वाढायचं. पहिली पंगत परगावच्यांची. वाढायला गावातली माणसं, मग तो वकील झालेला असो नाहीतर पाटलाचा थोरला असो, धोतराचा सोगा खोचून हातात बादली. आणि चाँदभाई चुलाणापाशी उभा राहून सगळ्यांची आईबापासकट आठवण काढायचा. पहिल्याच वर्षी मला म्हणाला, "ए मुर्दाडा भाच्या, मीठ कोन वाढनार, शिरूरचा मामलेदार?"

पाव्हणे तीस वर्षं पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर. एकदा ते मधेच उठले आणि बादलीला हात लावला. तिघेजण धावले. "आवं पाव्हनं, आमाला लाजवता का? बसा, बसा." ते बसले.

एका उरुसानंतर ऑफिस बंद करताना मला म्हणाले, "भाचेसाहेब, काल चाँदभाई आपणांस काय म्हणाले?"

"मुर्दाड म्हणाला."

"पुन्हा सांगा."

"मुर्दाड. त्यात काय ऐकायचं?"

त्यांनी छत्री उघडली, पुन्हा मिटली. बाहेर ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता. म्हणाले, "मला तीस वर्षांत कोणी मुर्दाड म्हटले नाही. एकदा ती बादली मला धरावयाची आहे." माणसाला काय हवं असावं याला काही धरबंध नाही असं मला वाटलं. सावलीत बसून आयतं जेवायला मिळत असताना रश्श्याची बादली मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते अध्यक्ष झाले त्यालाही हे पाव्हणेपणच कारण. निवडून आलेल्यांत निम्मे वरच्या आळीचे, निम्मे खालच्या आळीचे, आणि पाव्हणे स्टँडच्या वॉर्डातले, दोन्हींत न मोडणारे. अध्यक्ष कोण यावर तीन सभा मोडल्या. चौथ्या सभेला वरच्या आळीचे आबा आले. आबा पंचाहत्तरीचे, गावात सगळ्यांत वडील, रागीट, पण त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. त्यांनी एकदा रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, एकदा पाव्हण्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हनं हुबं हाय आन् तुमी भांडताय. आधी त्यास्नी खुर्ची द्या." दिली. रीतसर ठराव मी मागाहून लिहिला.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे गावाला शहर म्हणायची सक्ती. "शहरातील डुकरे", "शहराची हागणदारी" असं मला लिहावं लागे. दुसरं म्हणजे झगा. मुंबईच्या महापौरांचा पेपरात फोटो आला होता, अंगात पायघोळ झगा. तो फोटो कापून ते दौंडच्या शिंप्याकडं गेले. शिंपी रेल्वेचे गणवेश शिवणारा. त्यानं लाल कापडाचा झगा शिवला, पण हात सवयीला गेला आणि छातीवर तिकिटं ठेवायचा खिसा आला. सव्वीस जानेवारीला तो घालून पाव्हणे बाहेर पडले तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "सोलापूरच्या पल्याड बाप्ये घागरा घालत्यात व्हय?"

पण कारभार म्हणाल तर असा पुन्हा झाला नाही. वरच्या आळीत गटार काढायची होती आणि आबांचा ओटा चार फूट रस्त्यात आलेला. मी दोन नोटिसा धाडल्या होत्या, दोन्ही त्यांनी म्हशीला चारल्या. पाव्हणे नोटीस न घेता गेले. ओट्यावर बसले, चहा प्याले, पिकापाण्याचं विचारलं आणि उठता उठता म्हणाले, "आबा, येतो. पाव्हण्याने रिकाम्या हाताने जावे काय?"

"मागा की. काय पायजे?"

"हा ओटा."

आबा बराच वेळ मिशी चावत बसले. मग म्हणाले, "पाव्हनं, तुमी मानूस लई वंगाळ." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पहार घेऊन ओटा फोडला. मी ऑफिसात पेढे आणावेत म्हणून उठलो, तर अध्यक्ष खिडकीपाशी तोंड पाडून बसलेले.

"आबा मला वंगाळ म्हणाले," ते म्हणाले.

"मग चांगलंच की. तुम्हाला हवंच होतं कुणी शिव्या द्यायला."

"तुम्ही वंगाळ, असे म्हणाले. तू नाही."

मी कपाळावर हात मारला. 'पाव्हणं' या एका शब्दाच्या जोरावर या माणसानं गावातले एकोणीस ओटे हलवले होते. पाव्हण्याला नाही कोण म्हणणार? आणि त्यालाच तो शब्द टोचत होता. मी तसं स्पष्ट सांगितलंही. "साहेब, तुम्ही गावचे झालात तर तुम्हाला कुत्रं विचारणार नाही." त्यांनी मान डोलावली. "तीच इच्छा आहे," म्हणाले.

देवीचं प्रकरणही सांगायला हवं. दरवर्षी शिरूरहून देवी डॉक्टर यायचा. देवी टोचायला आला म्हटलं की पोरं उसात आणि आया माळ्यावर. वर्षाला दहाबारा दंड त्याच्या हाती लागायचे, त्यातले दोन माझे आणि शिपायाचे. त्या साली अध्यक्ष म्हणाले, जाहीर पत्रक मी लिहितो. लिहिलं. वर श्री, खाली: "आमचे येथे श्रीकृपेकरून येत्या मंगळवारी देवीचे कार्य करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, बालगोपाळांसह अगत्य येण्याचे करावे." शेवटी एक ओळ, देवी टोचण्यात येतील. शिरूरच्या छापखान्यात कंपोझिटरला वाटलं लग्नघरचंच काम आहे. त्यानं वर गणपतीचा ठसा लावला, चार कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावली, आणि शेवटची ओळ जागा उरली नाही म्हणून, एरवी छापखान्याचं नाव असतं तितक्या बारीक टायपात तळाशी नेली.

मंगळवारी सकाळी मी खिडकी उघडली तर बायकांची रांग पार स्टँडपर्यंत. काठापदराची लुगडी, हातात ओटीचं ताट, नारळ, पुरणाचा नैवेद्य. पोरांना काजळपावडर. यवतहून एक गोंधळी संबळ घेऊन आला होता, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. देवी डॉक्टर मागच्या दारानं पळून जायच्या बेतात होता, त्याला शिपायानं धरून ठेवलं. दारात अध्यक्ष हात जोडून उभे, अंगात लाल झगा. काही बायकांना तो झगा पाहूनच हळद वाहावीशी वाटली.

खरा प्रकार कळला तेव्हा रांगेत कुजबुज झाली. पाव्हणे म्हणाले, "आल्यासारखे दंड दाखवून जावे, ही आग्रहाची विनंती." पुढं उभी होती ती माझी मावशी. तिनं पाव्हण्यांकडं पाहिलं, ताटातल्या नारळाकडं पाहिलं. "पाव्हन्याच्या दारातनं माघारी कसं जायाचं?" म्हणाली आणि चोळीची बाही वर केली. दुपारपर्यंत डॉक्टरची लस संपली. संबळ शेवटपर्यंत वाजत होता.

मी नंतर विचारलं, "साहेब, हे चुकून झालं की मुद्दाम?"

"भाचेसाहेब," ते पुरणपोळी खात म्हणाले, "माझे मराठी कच्चे आहे."

मग त्यांच्या अध्यक्षपणाच्या तिसऱ्या वर्षीचा उरूस आला. परगावची मंडळी पानावर बसली होती, यवतपासूनची माणसं होती. आबांना गुडघ्यांमुळं पहिल्या पंगतीला बसायची सूट होती, तेही बसले होते. शेजारी झगा घातलेले पाव्हणे. पानांवर भात वाढून झाला. आणि रश्श्याची पहिली बादली वरच्या आळीनं उचलायची की खालच्या, यावरून तरण्या पोरांत जुंपली. दोन्हीकडच्यांनी बादल्या खाली आपटल्या आणि दोन वेगळ्या लिंबांखाली जाऊन बसले. आबा ओरडले, कुणी हललं नाही. भाताची वाफ गेली. परगावचे लोक एकमेकांकडं न बघता मीठ चाटायला लागले. मी मिठाचा होतो, म्हणून मी पुन्हा मीठ वाढलं.

पाव्हणे उठले. उकाडा होता म्हणून की कशानं, त्यांनी झगा काढून बाभळीला टांगला आणि मळक्या सदऱ्यावर चुलाणापाशी जाऊन उभे राहिले. चाँदभाई डेगीत वाकला होता. मान वर न करता तो खेकसला, "ए मुर्दाडा, हुबा काय ऱ्हातो खांबावानी? उचल बादली. लोकांचा भात निवला."

पाव्हण्यांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

त्यांनी बादली उचलली. दोन्ही हातांनी उचलली, तेव्हा वाढायला हात उरला नाही, मग एका हातात घेतली. बादली एका अंगाला कलत होती. पहिलं पान आबांचं. ओगराळंभर रस्सा भाताऐवजी आबांच्या नव्या धोतरावर गेला.

"आरं ए, डोळं फुटलं का तुझं?" आबा गरजले. "पान हितं हाय. मांडीवर काय वाढतोस?"

आबांनी वर पाहिलं आणि कोण आहे ते त्यांना दिसलं. त्यांचा धोतर झटकणारा हात तिथंच थांबला. पाव्हणे ओगराळं धरून उभे. त्यांच्या तारेतल्या एकाही पत्रिकेत अशा प्रसंगाला मजकूर नव्हता. मी वाट पाहत होतो की आता क्षमस्व येतं की विनंती येते.

"चुकलं, आबा," ते म्हणाले. एवढंच.

आबा पान जरा पुढं सरकवून म्हणाले, "चुकलं तर चुकलं. आता नीट वाढ. आन् नळीचं हाडूक हाय का बघ त्यात."

लिंबांखालची पोरं लाजून आली, बादल्या उचलल्या. पाव्हण्यांची बादली मागायला दोघे गेले, तर त्यांनी सोडली नाही. पाच पंगती वाढल्या. चाँदभाईनं त्यांना त्या दिवशी काय काय म्हटलं ते छापता येणार नाही. डेगीचं तापलं झाकण धरायला त्यानं बाभळीवरचं लाल फडकं घेतलं होतं, ते महापौराचा झगा होता हे सगळं उरकल्यावर उघडकीला आलं. शेवटी वाढप्यांची पंगत चुलाणाशेजारी बसली. पाव्हण्यांच्या वाट्याला नुसता रस्सा आला, फोड एकही नाही. ते जेवत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. धूर लागतोय म्हणाले. चूल केव्हाच विझली होती. मी मिठाचं भांडं घासत बसलो.

चाँदभाईला मी विचारलं, तू त्यांना ओळखलंस की नाही. तो म्हणाला, "बादली मोकळी हुती, मानूस मोकळा हुता. वळखायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवसापासून ते मामा झाले. सकाळी दहाला पहिली बाई ऑफिसात आली आणि टेबलावर घागर आदळली. "ओ मामा, नळाला तीन दिस पानी न्हाई, झोपा काढताय व्हय?" तीन वर्षांत पाण्याची एक तक्रार आली नव्हती. पाव्हण्यापुढं घरातली रड कशाला, म्हणून लोकांनी दाबून ठेवलं होतं ते सगळं आता आलं. गटार, डास, दिवे, डुकरं. मी बेजार झालो. मामा खुषीत असायचे. शाळेच्या मैदानासाठी आबांचा एक तुकडा हवा होता, म्हणून ते ओट्यावर, म्हणजे ओट्याच्या जागी, गेले. चहा झाला, पिकापाणी झालं. मग मागितलं.

"न्हाई," आबा म्हणाले.

"का?"

"घरच्याला न्हाई म्हनायला का कशाला लागतंय?"

हे मला येऊन सांगताना ते इतके हसले की मला त्यांच्या डोक्याची काळजी वाटली.

निवडणूक आली तेव्हा त्यांच्या वॉर्डात दोन्ही आळ्यांनी मिळून एक उमेदवार उभा केला. दोन्ही आळ्या एकत्र आल्याचा माझ्या नोकरीतला तो एकमेव प्रसंग. मामा अकरा मतांनी पडले. संध्याकाळी मी दुकानावर गेलो. ते बाटल्या विसळत होते. मी सांत्वनाला तोंड उघडतोय तोवर काठी टेकत आबा आले आणि खोक्यावर बसले.

"पडलास की रे."

"पाडलंत, आबा."

"मग काय करनार? तीन वर्सं बसलास खुर्चीवर. पाव्हना हुतास तवर ऊठ म्हनायची चोरी हुती."

मामांनी बाटलीची गोटी दाबून सोडा त्यांच्यापुढं धरला. आबांनी तो पिऊन ढेकर दिली आणि म्हणाले, "उद्या नातवासाठी पोरगी बघाया दौंडला जायाचंय. सातच्या गाडीला ये. आपल्या बाजूनं बोलनारं मानूस पायजे."

पोरगी पसंत पडली. बोलणी मामांनी केली, आणि मुलीकडच्यांना ती लग्नपत्रिकेसारखी वाटली म्हणून लवकर जमली. लग्नाच्या आठ दिवस आधी मी दुकानात गेलो तेव्हा ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती पत्रिकांची तार दाखवत होते. तीस वर्षांच्या पत्रिका होत्या, फक्त आबांच्या नातवाची नव्हती. घरच्यांना पत्रिका देत नाहीत.

मला मात्र आली. सहकुटुंब, सहपरिवार.